पकड किती उंच धरावी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. पुढे भोसरीत इंद्रायणीनगरला महापालिकेचं संत ज्ञानेश्वर क्रीडासंकुल आलं. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या कामगारांच्या मुलांना मैदानी खेळ जवळ आले. त्यातलाच एक पोल व्हॉल्ट, म्हणजे आपली बांबू उडी. बांबू आता फायबर ग्लासचा झाला, नाव मात्र तेच राहिलं.

या खेळातला पहिला प्रश्न असतो : बांबू किती उंचावर धरायचा? मुलाला वाटतं, जितकं वर धरू तितकं वर जाऊ. हे अर्धंच खरं आहे. भिंतीला शिडी लावताना आठवून पाहा. आखूड शिडी एकटा माणूस उभी करतो, लांब शिडीला दोघं लागतात. बांबूचंही तसंच आहे. तो पेटीत रोवल्यावर उडी मारणाऱ्याला सोबत घेऊन सरळ उभा राहायला हवा. पकड जितकी वर, तितकं त्याला उभं करायला बळ जास्त लागतं. आणि ते बळ येतं धावण्याच्या वेगातून.

साधा हिशेब पाहा. सेकंदाला ८ मीटर वेगाची सगळी शक्ती उंचीत उतरली, तर शरीर सुमारे ३.३ मीटर वर उचललं जातं. वेग ९ मीटर झाला, तर सुमारे ४.१ मीटर. प्रत्यक्षात थोडी गळती होतेच. पण वेग न वाढवता नुसता हात वर सरकवून काही पदरात पडत नाही, हे यातून कळतं.

मग सुरुवात कुठून करावी? बांबू जमिनीवर उभा टेकवा, वरचा हात ताठ करून जिथे पोचतो, त्याच्या एक मूठभर वर धरा. धाव मोजक्या पावलांची ठेवा. पाठ गादीच्या मधोमध पडू लागली, की पकड चार बोटं वर न्या. फार मागे, गादीच्या टोकाकडे पडत असाल, तर पकड वाढवायला जागा आहे. बांबू उभा होण्याआधीच अडखळत असेल, तर पकड लगेच खाली आणा. इथे हट्ट नको. अडखळलेला बांबू माणसाला मागे, धावपट्टीवर किंवा पेटीत टाकतो, आणि तिथे गादी नसते.

पकड बदलली, की उडी घेण्याची जागाही बदलते. उडीच्या क्षणी पाऊल साधारण वरच्या हाताच्या बरोबर खाली यायला हवं. म्हणून पकड वर गेली, की धावेची खूणही मागे न्यावी लागते. हे अनेकदा विसरलं जातं.

आता आपल्याकडची खरी अडचण. बांबू महाग, म्हणून एकाच बांबूवर चार मुलं. बांबूवर वजनाचा आकडा लिहिलेला असतो, तो टोकाजवळची पकड धरून. खाली धरलं की तोच बांबू कडक वागतो, वर धरलं की मऊ. त्यामुळे हलक्या मुलाने खाली धरून सरळ बांबूवर सराव केला तर चालेल. पण आकड्यापेक्षा जड मुलाने त्याच्या टोकाला धरून उडी मारणं धोक्याचं. बांबू मोडूही शकतो. चाकणच्या कारखान्यात नट किती आवळायचा हे टॉर्क रेंच सांगतो, अंदाज नव्हे. इथे ते काम बांबूवरचा आकडा आणि प्रशिक्षकाचा डोळा करतो.

पालकांनो, कठड्यापलीकडून ‘अजून वर धर’ असं ओरडू नका. २०२२ साली शिवा सुब्रमणीने गांधीनगरला ५.३१ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. तो २०२५च्या फेब्रुवारीत देहरादूनला देव मीनाने मोडला, ५.३२ मीटरची उडी मारून. राष्ट्रीय विक्रमाला एक सेंटिमीटर वर सरकायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. मग आपल्या मुलाची पकड चार बोटं वर जायला एखादा महिना लागला, तर बिघडलं कुठे?