मुलांचे गुण आणि आपली पारितोषिके

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारापूर्वी केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला अर्धा तास दिला आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून 39 वर्षे काढली. विद्वत्तेचा अधिकार मजपाशी नाही. तथापि निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा ज्या प्रश्नाने नोकरीभर माझा पिच्छा पुरवला त्यावर इतरांनी काय शोधून ठेवले आहे ते मिळेल तसे वाचीत गेलो. इंग्रजी मजकूर नातवाने समजावून दिला, ते ऋण येथेच मान्य करतो. प्रश्न साधा आहे. एकाच वर्गात, एकाच गुरुजींपुढे बसलेल्या दोन मुलांपैकी एक पुढे जातो आणि दुसरा मागे राहतो, तो कशामुळे?

आपल्या घरांतून याचे उत्तर तयार असते. ज्याला डोके आहे तो पुढे जातो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार! मीही पुष्कळ वर्षे हेच म्हणत होतो.

परंतु हे उत्तर आपल्याच वडीलधाऱ्यांना लावून पाहा. मराठवाडा शिक्षणात मागासलेला, हे वाक्य माझ्या पिढीने लहानपणापासून ऐकले. निजामाच्या राजवटीत प्राथमिक इयत्ता ओलांडल्या की शिक्षणाचे माध्यम उर्दू होई आणि 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही तेच माध्यम होते. घरी मराठी बोलणारे पोर गणित आणि भूगोल परक्या भाषेतून शिके आणि नापास झाले की बाप म्हणे, "याच्या नशिबी विद्या नाही." 17 सप्टेंबर 1948 रोजी ते राज्य गेले. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ज्या घरांत कधी पाटी आली नव्हती त्या घरांतली मुले पुढच्या वीस वर्षांत प्राध्यापक, वकील आणि डॉक्टर झाली. एवढ्या अवधीत कोणत्याही प्रांताची डोकी बदलत नसतात. भाषा बदलली, शाळा जवळ आली, वसतिगृहात रात्री दिव्याखाली बसावयास जागा मिळाली.

या प्रश्नाची पद्धतशीर चौकशी आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी झाली आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाचा अभ्यास 1955 साली प्रसिद्ध केला. नाव घातलेली मुले मध्येच का गळतात, एकाच इयत्तेत का अडकून पडतात, आणि शाळा सुटल्यावर शिकलेले अक्षर किती जणांपाशी टिकते, याचा तो शोध होता. "गळती" आणि "स्थगिती" हे शब्द आम्ही शिक्षक पुढे रोज वापरू लागलो; त्यामागे कोणाचे किती श्रम होते याची मात्र आम्हांला गंधवार्ता नव्हती.

जगात या विषयावरील सर्वांत गाजलेली पाहणी अमेरिकेतली. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तेथील सरकारने सुमारे 4,000 शाळांतील 6 लाखांवर विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली आणि 1966 साली तिचा अहवाल निघाला. काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळांतील इमारती, पुस्तके व प्रयोगशाळा यांच्या तफावतीत गुणांमधील फरकाचे मूळ सापडेल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. निघाले निराळेच. इमारतीने व साहित्याने पडणारा फरक थोडा. मुलाच्या घरची परिस्थिती आणि त्याच्या वर्गसोबत्यांची घरे यांनी पडणारा फरक कितीतरी मोठा. आणखी एक गोष्ट त्या अहवालात होती, ती मला फार मोलाची वाटते. आपले बरेवाईट आपल्या प्रयत्नांच्या हाती आहे असे ज्या मुलाला वाटते, त्याचे गुण चांगले असतात. आणि उपेक्षित समाजातील मुलांत हा संबंध विशेष ठळक दिसला.

मग शाळा आणि शिक्षक व्यर्थच काय? हा निष्कर्ष अनेकांनी काढला, परंतु तो आपल्याला लागू पडत नाही. 1983 साली हेनमन आणि लॉक्सली या दोन संशोधकांनी 29 देशांतील माहिती एकत्र मांडली. देश जितका गरीब तितका शाळेचा व शिक्षकाचा प्रभाव मोठा, असे त्यांना आढळले. हे कळावयास अवघड नाही. ज्या घरी पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही, शिकवणारे कोणी नाही, त्या घरच्या मुलाला विद्येचे दार एकच, ते म्हणजे शाळा. त्या दाराशी गुरुजी मात्र उभे असावे लागतात. 2003 साली देशभरच्या सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी देण्यात आल्या, तेव्हा शंभरातले 25 शिक्षक शाळेत नव्हते. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी, 14.6 टक्के, निघाले. आमच्या शिक्षकमंडळींनी हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला. मला विचाराल तर सातांतले एक गुरुजी गैरहजर, यात छाती फुगवण्यासारखे काही नाही.

येथवर मी इतरांचे सांगितले. आता स्वतःचे एक सांगावयाचे आहे, आणि ते सांगण्यासाठीच हे भाषण मी पत्करले.

1989-90 च्या सुमारास मी पैठण तालुक्यातील एका गावी होतो. चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला जात. दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड उठे आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत येई. तोवर परीक्षा तोंडावर आलेली. तिला हातच्याची वजाबाकी येत नसे. पाढे अर्ध्यावर अडत. फळ्यापाशी उभी केली की ती खडू हातात धरून पायाच्या अंगठ्याकडे पाही. मी तिच्या प्रगतिपुस्तकात "बुद्धी मंद" असा शेरा लिहिला. बाप निरक्षर होता, म्हणून तो शेरा मीच त्याला मोठ्याने वाचून दाखवला. मुलगी शेजारीच उभी होती.

त्याच आठवड्यात संध्याकाळी पारावर मुकादमाचा हिशेब चालला होता. उचल किती घेतली, ऊस किती टन तोडला, दर काय, मध्ये खर्चीला किती दिले, याची जुळणी मुकादम वही पुढे घेऊन करीत होता. बापाने मुलीकडे पाहिले. तिने बोटे न मोडता किती फिटले आणि किती उरले ते सांगितले. मुकादमाने वहीत दोनदा बेरीज केली आणि तिचाच आकडा मान्य केला. मी चार हातांवर उभा होतो. वजाबाकी तिला येत होती. माझ्या फळ्यावरची मांडणी तिला येत नव्हती, आणि ती शिकवली गेली त्या महिन्यांत ती उसाच्या फडात होती. 

मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. बाप आदराने म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच तर वाचून दाखवलं." पाचवीच्या पटावर तिचे नाव आले नाही.

ती आपल्या ज्ञातीची होती की नव्हती, हे मी मुद्दाम सांगत नाही. हे ऐकताना आपल्यापैकी काहींच्या मनात तो प्रश्न येऊन गेला असेल, तर त्याचाही विचार पुढे करू.

2025 च्या आरंभी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत माल विकणारी मुले बिकट हिशेब तोंडी करतात, पण तेच गणित शाळेच्या रीतीने कागदावर घातले की अडतात. आणि शाळेत शिकणारी मुले बाजारातल्या हिशेबाला अडतात. हे नातवाने वाचून दाखवले तेव्हा मी त्याला थांबावयास सांगितले आणि थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो.

गुरुजींच्या शेऱ्याने मूल घडते वा बिघडते, यावर रोझेंथाल आणि जेकबसन यांचा 1968 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन, ही लवकरच चमकतील, असे सांगण्यात आले. नावे वस्तुतः चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस खालच्या इयत्तांतील ती मुले खरोखर पुढे गेलेली आढळली. या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि परिणाम वाटला तेवढा मोठा नसतो असे अनेकांचे मत आहे. म्हणून मी त्यावर फार भार देत नाही. 

दुसरा एक प्रयोग मात्र आपल्यासारख्या मंडळाने टाळून चालणार नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. प्रत्येक सुटलेल्या कोड्याला पैसे होते. मुलांच्या जाती उच्चारल्या नाहीत तेव्हा वरच्या म्हणविल्या जाणाऱ्या आणि खालच्या म्हणविल्या जाणाऱ्या जातींची मुले सारखीच ठरली. नंतर मिश्र गटांत प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखवली. लगेच खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. तीच मुले, तीच कोडी! आणि एकेका जातीची मुले वेगळी बसवली तेव्हा वरच्या मानलेल्या मुलांचीही कामगिरी खालावली. 

बंधूंनो, आपले मंडळ जातीच्या नावावर उभे आहे. त्याने अडल्यानडल्यांना आधार दिला, शिष्यवृत्त्या दिल्या, मुलींची शिक्षणे मार्गी लावली. हे मी नाकारीत नाही. त्याच मंडळाच्या व्यासपीठावरून अठरा वर्षे मी स्वतः दहावीची यादी वाचीत आलो आहे. नव्वद टक्क्यांच्या वर असेल त्यालाच पारितोषिक, हा नियमही माझ्याच हस्ताक्षरात इतिवृत्तात आहे. या वर्षीची यादी काल चाळली. मी ओळखतो त्यांपैकी बहुतेक घरांत आईबाप दोघेही शिकलेले, खाजगी शिकवणी लावलेली, अभ्यासाला स्वतंत्र खोली. या मुलांचे कष्ट खरे आहेत आणि त्यांचे कौतुक मी आजही मनापासून करीन. परंतु वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जाणाऱ्या आपल्याच बांधवांच्या मुलांपैकी या यादीत एकही नाही, आणि ती मुले आज सभागृहात आलेलीही नाहीत. त्यांच्या घरी आपले निमंत्रण म्हणजे एक शेराच होऊन बसला आहे.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो महागही नाही. प्रथम संस्थेने मुंबई व बडोदे येथील महापालिका शाळांत वस्तीतल्याच तरुण मुलींना "बालसखी" म्हणून नेमले. त्या बहुधा दहावी-बारावी झालेल्या असत आणि महिन्याला 500 ते 750 रुपये घेत. तिसरी-चौथीतील मागे पडलेली वीसेक मुले रोज दोन तास वेगळी बसवून, इयत्तेचे पुस्तक बाजूला ठेवून, ज्याला जेथपर्यंत येते तेथून पुढे शिकवीत. 2001 ते 2003 या काळात याची काटेकोर तपासणी झाली आणि 2007 साली ती प्रसिद्ध झाली. मुले सुधारली, आणि सर्वांत मागे असलेली सर्वांत अधिक सुधारली. वर्षभराने मात्र त्यातला बराच लाभ ओसरला, हेही सांगितले पाहिजे. पंधरा दिवसांचे शिबिर घेऊन, फोटो काढून मोकळे होण्याचे हे काम नव्हे.

मजजवळ एवढेच मागणे आहे. आपले सभागृह लग्नाचे दिवस सोडले तर रोज संध्याकाळी कुलूपबंद असते. त्यात तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी सहा ते आठ असा वर्ग भरावा. शिकवावयास मी आहे, आणखी दोन निवृत्त शिक्षिकांनी होकार दिला आहे. मुलाला कोणी जात विचारू नये. मंडळाचा पैसा ज्ञातीबाहेर का जावा, असा आक्षेप कोषाध्यक्ष घेतील. तर खडू, पाट्या आणि विजेचा खर्च पहिले वर्षभर माझ्या निवृत्तिवेतनातून होईल. पुढच्या वर्षीच्या पारितोषिकांत एक पारितोषिक असे ठेवावे, की जूनमध्ये ज्याला ओळ वाचता येत नव्हती आणि मार्चमध्ये जो गोष्ट वाचू लागला त्याला ते मिळेल. 

सभागृहाची किल्ली कार्यवाहांकडे असते. सोमवार ते शनिवार ती मला द्यावी, असा लेखी अर्ज मी आज सकाळी त्यांच्या हाती दिला आहे. कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी आहे.