बाई निवडून येईल का?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



मी मॅट्रिक पास. दिवसा गोदीत गोण्या उचलतो, रात्री कविता लिहितो. अमेरिकेच्या निवडणुकीवर बोलायला कुणी प्रोफेसर मिळाला नाही म्हणून मला उभं केलंय, असं काहीजण म्हणतायत. तसं नाही. विषय मी मागून घेतला. का, ते पुढे येईलच.

२०२४ च्या नोव्हेंबरात कमला हॅरिस पडली. दुपारी टोळीत डबे उघडले तेव्हा एकजण म्हणाला, 'तिथं बाई कधी निवडून येते का?' सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली. घास गिळला नि डोलावली. रात्री मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. तिच्याच पक्षाचा १९७२ ला मॅकगव्हर्न पडला, १९८४ ला मॉन्डेल पडला, १९८८ ला डुकाकिस, २००४ ला केरी. एवढे बाप्ये एकामागून एक आपटले, तेव्हा कुणी म्हणालं का, की पुरुष निवडून येत नाही म्हणून? पुरुष पडला तर तो एकटा पडतो. बाई पडली की सगळी बाईजात पडते. आपल्याला हे नवीन आहे का? आपला एक पोरगा नापास झाला की अख्खी जात नापास होते.

२०१६ ला तर हिलरी क्लिंटनला ट्रम्पपेक्षा अठ्ठावीस लाखांवर मतं जास्त पडली होती. माणसं मोजली तर ती जिंकली होती. पण तिथं राज्याराज्यांची निवडमंडळाची ५३८ मतं मोजतात, त्यात ती हरली. तरी लोकांच्या तोंडी काय राहिलं? बाई चालली नाही.

आता बाहत्तर सालचं सांगतो.

शर्ली चिझम. बाप गयानातून आलेला, कधी गोणपाटाच्या पिशव्यांच्या कारखान्यात, कधी बेकरीत हरकाम्या. आई बार्बाडोसची, शिवणकाम नि लोकांच्या घरची कामं करणारी. माझ्या पाठीवर जी गोणी असते ना, तसलं गोणपाट हाताळणाऱ्या बापाची ही पोर. १९६८ ला ब्रुकलिनमधून निवडून आली. अमेरिकेच्या संसदेतली पहिली काळी बाई. तिथल्या जाणत्यांनी तिला कुठल्या कमिटीवर टाकलं? शेतीच्या! ब्रुकलिनात काय गच्चीवर गहू पिकतो? बाई भांडली, कमिटी बदलून घेतली. २५ जानेवारी १९७२ ला तिनं जाहीर केलं, मी राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहणार. मला कुणी विकत घेतलेलं नाही, माझ्यावर कुणी साहेब नाही, हा तिचा जुनाच बाणा होता.

गोऱ्या पेपरवाल्यांनी काय केलं ते सोडा, त्यांच्याकडून आपली अपेक्षा नव्हतीच. टीव्हीवरच्या चर्चेतून तिला वगळलं, तिनं तक्रार करून वेळ मिळवला. खरा मार आला तो घरातून. मार्च ७२ मध्ये गॅरी गावात काळ्यांची मोठी राजकीय परिषद भरली. हजारो माणसं. तिला पाठिंबा दिला नाही. बहुतेक काळे पुढारी मोठ्या गोऱ्या उमेदवारांच्या मागे गेले. म्हणाले, ही बायकांची उमेदवार. आणि बायकांच्या चळवळीतल्या नामवंत? काहींनी अर्ध्या तोंडाने पाठिंबा दिला, अर्धं तोंड मॅकगव्हर्नकडे. दोघांचं कारण एकच. निवडून थोडीच येणार आहे? काळी असण्यापेक्षा बाई असण्यानंच आपली वाट जास्त अडवली, असं चिझमबाई पुढं सांगत राहिल्या. हे आपण बाप्यांनी दोनदा ऐकावं.

उघडपणे कोण उभं राहिलं माहिताय? ब्लॅक पँथर. होय, तेच. त्याच १९७२ साली मुंबईत ज्यांच्यावरून दलित पँथरनं आपलं नाव घेतलं, ते. बंदुकवाले म्हणून बदनाम. सल्लागार म्हणाले असतील, यांचा पाठिंबा झटका, मतं जातील. बाईंनी झटकला नाही. ऑकलंडमध्ये पँथरच्या लोकांनी त्या वर्षी धान्याच्या पिशव्या वाटल्या आणि त्याच रांगेत मतदार नोंदणी केली. बार्बरा ली नावाची एक कॉलेजातली मुलगी तेव्हा चिझमबाईंना भेटली. तिचं स्वतःचं नाव मतदार यादीत नव्हतं. बाईंनी दटावलं, आधी नाव नोंदव. तीच मुलगी पुढं खासदार झाली आणि २००१ ला राष्ट्राध्यक्षाला युद्धाची मोकळीक देणाऱ्या ठरावाविरुद्ध अख्ख्या संसदेत तिचं एकटीचं मत पडलं.

मायामीच्या अधिवेशनात चिझमबाईंना १५२ प्रतिनिधींची मतं मिळाली. हरल्या. उमेदवारी गेली मॅकगव्हर्नला. आणि तो, शहाण्यांचा निवडून येणारा उमेदवार, पन्नासातली एकोणपन्नास राज्यं हरला!

म्हणून म्हणतो, हा प्रश्नच जरा उलटा करून बघा. १९३७ ला गॅलपवाल्यांनी अमेरिकेत विचारलं, लायक बाई असेल तर मत द्याल का? तिघांतला एक हो म्हणाला. आता विचारलं तर दहातले नऊच्या वर हो म्हणतात. मग अडतं कुठं? खोली बघायला गेलो की घरमालक काय म्हणतो? 'मला चालतं हो, पण सोसायटीतले लोक...' अख्ख्या सोसायटीत प्रत्येकाला चालतं आणि खोली मात्र मिळत नाही. २०१६ नंतर तिथं हेच झालं. पुढच्या खेपेला अर्धा डझन बाया उमेदवारी मागत होत्या. माझी हरकत नाही हो, पण शेजारचा देणार नाही, असं म्हणत बायडनला पुढं केलं. २०२४ च्या जुलैत तो बाजूला झाला आणि हॅरिसच्या हातात उरले १०७ दिवस. वर महागाईचा राग सगळा तिच्या नावावर. तरी काळ्या बायांतल्या दहातल्या नऊ तिच्यामागे होत्या. गोऱ्या बायांत ट्रम्पची मतं जास्त. बाई बाईला मत देते हे पण भंकस आहे.

मागून एक पोरगा चिठ्ठी पाठवतोय : हॅरिस कुठं आपली? सरकारी वकिली केलेली, काळ्या पोरांना आत घालणाऱ्या यंत्रणेतली. बरोबर आहे. कुठलीही बाई आली म्हणजे पहाट झाली असं मी म्हणत नाही. इंग्लंडात थॅचरबाई होत्या पंतप्रधान. त्यांच्या सरकारनं १९८९ ला तिथल्या गोदी कामगारांची संरक्षणाची योजनाच मोडून टाकली. गोदीवाला माणूस ते नाव घेऊन दिवे ओवाळणार नाही. पण ती कोण, कुणाची, हे विचारायला आधी तिला उभं राहू द्यायला लागतं. चिझमबाईंच्या आईनं लोकांची घरं झाडली. १९७४ ला घरकामगारांना किमान वेतनाच्या कायद्यात आणण्याच्या लढाईत चिझमबाई पुढं होत्या. हे पडलेल्या उमेदवाराचं काम आहे.

आणि येऊ शकते का म्हणाल, तर आलीय. अमेरिकेला लागून मेक्सिको. जून २०२४, लोकांच्या थेट मतांनी क्लॉडिया शाइनबाउम, जवळजवळ साठ टक्के. समोरची मुख्य उमेदवार पण बाईच. तिथले पुरुष काय देवमाणसं आहेत? कायद्यानं पक्षांना निम्म्या उमेदवाऱ्या बायांना द्यायला लावल्या, पब्लिकला सवय झाली. आपल्याकडं प्रतिभाताई झाल्या, मुर्मूबाई झाल्या, पण राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात. तुम्हाआम्हाला कुणी विचारलेलं नाही.

आता विषय का मागून घेतला ते. गेल्या साली आपल्या जयंती कमिटीच्या मीटिंगला सफाई खात्यातली आपली मावशी उठली. म्हणाली, अध्यक्षपदाला माझं नाव घाला. पंचवीस वर्षं ती वर्गणी गोळा करते, भीमगीतं तिला तोंडपाठ, पोलीस स्टेशनातनं पोरं सोडवून आणते. सगळे गप्प. तेव्हा एकजण म्हणाला, 'मावशी, माझी हरकत नाही, पण निवडून येशील का?' पोरं हसली. मावशी खाली बसली, पदर सारखा केला, परत काही बोलली नाही.

तो एकजण म्हणजे मी.

परवा तिच्या दारात गेलो. ती भांडी घासत होती. म्हणाली, 'तू मत देणार होतास का, ते सांग आधी.' मला बोलता येईना.

येत्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे, संध्याकाळी सात वाजता, बुद्धविहारात. मावशीचं नाव मी सुचवणार आहे. अनुमोदक पाहिजे. कोण उभं राहतंय?