खाणकामगाराचे स्नान

स्वच्छता हा व्यक्तीचा गुण आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नेमाने स्नान करणारा सुसंस्कृत, न करणारा आळशी! परंतु स्नानाला पाणी लागते, इंधन लागते, आडोसा लागतो आणि पाणी तापविणारे दोन हातही लागतात. हे सारे कोणी पुरवावयाचे? ब्रिटनमधील कोळसा-खाणकामगारांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील खाणकामगार अंगावरच्या काजळीसह घरी परतत आणि शेगडीपुढे पत्र्याच्या टबात अंग धूत. पाठ वारंवार धुतल्याने कणा दुबळा होतो, अशी समजूत अनेकांत रूढ होती. ज्याच्या घरी गरम पाण्याचा नळ नाही, त्याला अशी समजूत सोयीची वाटली तर नवल ते काय?

१९११ च्या कायद्याने खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे बांधण्याची तरतूद केली खरी; पण दोन-तृतीयांश कामगारांची संमती हवी आणि देखभालीचा निम्मा खर्च कामगारांनीच सोसावा, अशी अट घातली. परिणामी फारच थोडी स्नानगृहे उभी राहिली.

१९१९ साली सँकी आयोगापुढे खाणकामगारांच्या घरांतील तीन स्त्रियांनी साक्ष दिली. त्यांपैकी वेल्समधील ऱ्होंडा खोऱ्यातल्या एलिझाबेथ अँड्र्यूज यांनी उकळत्या पाण्याची जड भांडी उचलणाऱ्या बायकांच्या यातना, अकाली प्रसूती आणि भाजून मरणारी मुले यांचे वास्तव मांडले. स्त्रीच्या या श्रमांची नोंद कोणत्याही वेतनपत्रकात नव्हती.

पुढे १९२० मध्ये दर टन कोळशामागे एक पेनी आकारून कल्याण निधी स्थापन झाला. १९२६ च्या कायद्याने खनिजाच्या मालकांना मिळणाऱ्या स्वामित्वधनावर आकारणी बसवून तो पैसा स्नानगृहांसाठी राखून ठेवला. १९४७ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तोवर तीनशेहून अधिक स्नानगृहे उभी राहिली होती. एकीकडे कामाचे कपडे ठेवण्याची कपाटे, दुसरीकडे घरच्या कपड्यांची, मध्ये गरम पाण्याचे फवारे. कामगार स्वच्छ अंगाने घरी जाऊ लागला.

मित्रहो, आपल्या मागणीपत्रकांत वेतन असते, कामाचे तास असतात. काम संपल्यावर अंग धुण्याची सोय हीदेखील कामाच्या ठिकाणचीच मागणी आहे. तिचा आपल्याला विसर पडला, की तिचा भार मुकाट्याने घरातील स्त्रीवर जातो, एवढे कार्यकर्त्यांनी ध्यानी ठेवावे.