करारनाम्याचा भाषांतरकार

बेळगाव-निपाणीच्या टापूत दोन भाषा बोलणारा माणूस शोधावा लागत नाही. एका दुकानात मराठीत भाव विचारणारा गृहस्थ शेजारच्या दुकानात कन्नडमध्ये हिशेब चुकता करतो. परंतु जमिनीचा मराठी दस्त कन्नडमध्ये न्यावयाचा झाला, म्हणजे योग्य भाषांतरकार मिळणे कठीण होते. असे का व्हावे?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्य बदलले, तरी घरोघरच्या पेट्यांतील खरेदीखते, गहाणखते व वाटणीपत्रे मराठीतच राहिली. त्यांतील जुनी तर मोडीत. सरकारी दप्तराची भाषा मात्र कन्नड झाली.

दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्दच पुष्कळदा घात करतात. आपण 'पाहणी' म्हणतो ती तपासणी. कर्नाटकात 'पहाणी' म्हणजे आपल्या सातबारासारखा जमिनीचा उतारा. आपल्या दस्तात मिळकत 'स्वाधीन' केली म्हणजे ताबा दिला. पण कन्नडमधील 'भूस्वाधीन' म्हणजे सरकारने केलेले भूसंपादन.

याहून नाजूक गोष्ट अटींची. पैसे मुदतीत फेडल्यास जमीन परत, अशा शर्तीचे खरेदीखत दिसावयास विक्रीचे, पण मुळात गहाणाचे असू शकते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५८ व्या कलमात या प्रकाराची गणना आहे, आणि १९२९ च्या दुरुस्तीनुसार ती शर्त त्याच दस्तात असावी लागते. भाषांतरात ते एक वाक्य सैल झाले, तर वाचणाऱ्यास गहाणाच्या जागी कायमची विक्री दिसेल, आणि आपली जमीन सोडवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला मूळ कागद घेऊन कोर्टाची पायरी चढावी लागेल.

नोंदणी कायद्यानेही भाषांतराचे महत्त्व ओळखले आहे. नोंदणी अधिकाऱ्यास अवगत नसलेल्या व जिल्ह्यात प्रचलित नसलेल्या भाषेतील दस्ताबरोबर खरे भाषांतर जोडावे लागते, असे १९०८ च्या कायद्याचे १९ वे कलम सांगते.

तेव्हा श्रोतेहो, भाषांतरकार निवडताना त्याला केवळ 'कन्नड येते का?' असे विचारून थांबू नये. गहाण व विक्री यांतील भेद त्याच्याकडून समजावून घ्यावा. दस्त मोडीत असेल तर प्रथम जाणकाराकडून त्याची बाळबोध प्रत करवावी. कन्नड मजकूर तयार झाल्यावर, मूळ कागद न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून तो मराठीत सांगवून घ्यावा. चतुःसीमा, रक्कम, मुदत आणि अट ही चारही मुळाबरहुकूम परत आली, तरच त्यावर सही करावी.