शिकवण्याची दाद

इंजिनिअरिंगला मला एम-थ्रीत केटी लागली होती. लाप्लास ट्रान्सफॉर्म डोक्यावरून जायचं. आमचे सर कॉलेज सुटल्यावर थांबून तेच उदाहरण पुन्हा पुन्हा सोडवून दाखवायचे. मी पास झालो. सरांना पुरस्कार मात्र कधी मिळाला नाही.

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून आहेत, पण उच्च शिक्षणातल्या शिक्षकांना ते २०२३ पासून मिळू लागले. त्या वर्षी १३ जण निवडले गेले. आपल्या पवईच्या आयआयटीतही उत्तम अध्यापनासाठी वेगळा पुरस्कार आहे.

शोधनिबंध मोजता येतात. वर्गात कोणाला काय समजलं, हे कोण सांगणार? ज्याला समजलं तोच. म्हणून आपल्या एका शिक्षकाबद्दल प्राचार्यांना पत्र लिहा. काय अडलं होतं, कसं सुटलं, नेमकं लिहा. माझं पत्र मी आजच लिहिणार आहे.