सराव हीही विद्याच

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवप्रसंगी केलेले भाषण)



मंडळाची आज्ञा शिरसावंद्य मानून आम्ही उभे आहोत. आम्ही मॅट्रिक झालेले, जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजविलेले शिक्षक. वैद्यकावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आमच्या घरी जो प्रश्न आला, तो उद्या आपल्याही घरी येईल, म्हणून हे चार शब्द.

आमची पुतणी तातडीच्या उपचारांच्या शाखेत एम. डी. झाली. आपल्या देशात या शाखेला २००९ मध्ये स्वतंत्र मान्यता मिळाली. अपघात, हृदयविकार, सर्पदंश, विषबाधा, असा रोगी प्रथम या डॉक्टरांच्या हाती येतो. आता कर्ज फिटेल, असे घरच्यांनी मानले. तोच ती म्हणाली, "तात्या, अजून फेलोशिप करायची आहे. सिम्युलेशनची." म्हणजे पुतळ्यावर उपचारांचा सराव इतरांकडून कसा करवून घ्यावा, याचे शिक्षण. आमचे धाकटे बंधू संतापले, "तीन वर्षे जिवंत माणसे सांभाळली, आता बाहुल्या खेळणार काय?" खरे सांगावयाचे तर आम्हांसही तसेच वाटले.

मग तिने समजावून दिले. या पुतळ्याची छाती श्वासाबरोबर हालते, नाडी लागते. डॉक्टर व परिचारिका खऱ्या प्रसंगाप्रमाणे त्याच्यावर उपचार करतात. नंतर सर्वजण एकत्र बसून विचार करतात. कोण चुकले यापेक्षा का चुकले, याचा. असे प्रसंग रचणे, चालविणे आणि कोणाचा पाणउतारा न करता ती चर्चा घडविणे, हे फेलोशिपमध्ये शिकावयाचे. अमेरिकेत त्यासाठी बहुधा एक किंवा दोन वर्षे देतात. आपल्याकडेही २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा आवश्यक झाली आहे. तेथे शिकविणारे जाणते लोक नकोत काय?

ही कल्पना परकीयही नव्हे. सुश्रुतसंहितेत शिष्याने छेदनाचा सराव भोपळा, काकडी अशा फळांवर आणि पट्टी बांधण्याचा सराव वस्त्रादिकांच्या मनुष्याकृतीवर करावा, असे सांगितले आहे. पुष्कळ शिकलेला, पण सराव न केलेला शिष्य तेथे कर्मास अयोग्य ठरविला आहे. आणि करवीरनगरीत हे सांगावयास का हवे? खासबागेच्या मैदानात उतरणारा मल्ल आधी तालमीच्या मातीत शेकडो वेळा पडलेला असतो. आम्हीही शिक्षक होण्यापूर्वी सराव-पाठ दिलेच होते.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका लग्नात आमचे जुने स्नेही पंगतीतच कोसळले. आम्ही पाणी शिंपडले, कांदा हुंगविला, वारा घातला आणि गाडीची वाट पाहिली. भोवती पन्नास सुशिक्षित माणसे; छातीवर दाब कोणी दिला नाही. ते गेले. दाब दिला असता तर वाचलेच असते, असे आम्ही म्हणत नाही. पण आम्ही ते केले नाही, हे शल्य आहे. कोल्हापुरात सी. पी. आर. म्हटले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. त्याच नावाचा हा उपचार आम्हांस ठाऊक नव्हता. पुतणीने जमिनीवर उशी ठेवून आम्हांकडून तो करविला. मिनिटास शंभर ते एकशेवीस दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. दुसऱ्या मिनिटास धाप लागली. ऐकणे निराळे, हातून होणे निराळे, हे तेव्हा उमजले.

बंधूंनी अखेर संमती दिली. राग अद्याप निवळलेला नाही, आणि तो अगदीच अनाठायी नाही. हा काळ मोठ्या कमाईचा नव्हे, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. म्हणून दोन विनंत्या. मंडळाचा विद्यार्थी-साहाय्य निधी पदवीपाशी थांबतो; तो अशा पुढील शिक्षणासाठीही कर्जाऊ मिळावा. राजर्षी शाहू महाराजांनी या नगरीत जातीजातींची वसतिगृहे उभी करविली. शिक्षण अर्ध्यावर सुटू नये, हाच त्यांचा बोध आपण घ्यावा. दुसरी, वर्षातून एक सकाळ या सभागृहात जाणत्यांना बोलावून घरटी एकाने तरी हा उपचार गुडघे टेकून शिकावा. पहिले नाव आमचे लिहावे.