पोराला कोणती शाखा?

(कुरुळी येथील बैठकीतील भाषण)



चाकण, कुरुळी, अंबेठाण हा मुलूख म्हणजे संघटनेचे माहेर. १९८० चे कांदा आंदोलन इथलेच. तेव्हा कांद्याला भाव मागणारा शेतकरी आज विचारतो, पोराला इलेक्ट्रिकलला घालू की कॉम्प्युटरला? हा प्रश्नही भावाचाच आहे. एमआयडीसीत जमीन गेली, मोबदला एकदाच आला. त्यातून फी भरायची तर हिशेब नीट मांडला पाहिजे.

हिंजवडीच्या पगाराचे आकडे ऐकून गावेच्या गावे कॉम्प्युटरमागे लागली. हा खेळ आपल्या ओळखीचा आहे. एका वर्षी कांद्याला भाव मिळाला की पुढल्या वर्षी सारे शिवार कांद्याचे, आणि भाव मातीत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. साधा प्रोग्रॅम आता यंत्रच लिहून देते. सॉफ्टवेअर बुडाले असे मी म्हणत नाही. पण नवशिक्याचे काम अवघड झाले आहे.

इलेक्ट्रिकलचेही खरे सांगतो. सुरुवातीचा पगार बहुधा कमी, रात्रपाळी असते, कारखान्यात कंत्राटी भरती चालते. पण पुढच्या वाटा मोजा. आयटी कंपन्या इलेक्ट्रिकलची मुलेही घेतात. महावितरणमध्ये वीज अभियंत्याच्या जागेवर कॉम्प्युटरची पदवी चालत नाही. प्रोग्रॅमिंग घरी बसून शिकता येते. मोटर, ट्रान्सफॉर्मर, रिले यांची प्रयोगशाळा ओसरीवर उभी राहत नाही. जे घरी शिकता येत नाही, त्याची फी भरा. शिवाय कारखान्यातली यंत्रे पीएलसीवर चालतात. तिथे वायरिंगही कळावे लागते आणि प्रोग्रॅमही. दोन्ही जाणणाऱ्याला भाव आहे.

ज्याला कॉम्प्युटरची खरी ओढ आहे त्याला अडवू नका. मात्र देणगी भरून कसल्याही कॉलेजात घालू नका. आणि मायबहिणींनो, वायरीचे काम मुलीचे नव्हे, असे घरात कुणी म्हणाले तर १९८६ चे चांदवडचे महिला अधिवेशन आठवा.

रात्री-अपरात्री वीज येते म्हणून अंधारात दारे धरणारा शेतकरी आपल्याच घरचा. त्याची वीज समजणारा इंजिनियरही आपल्या घरचा असायला काय हरकत आहे?

शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे, असे शरद जोशी सांगत. तेच स्वातंत्र्य पोरापोरींना द्या. हिशेब तुम्ही मांडा, निवड त्यांची त्यांना करू द्या.